ज्ञानदेवचं टोपणनाव

लुईझियानाच्या किनाऱ्यावरचं बेल-रिव्ह हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच माणसं येऊन वसली, त्यांचीच नातवंडं-पतवंडं अजून तिथे मासे मारतात आणि भात लावतात. भात कापून झाला की त्याच शेतात पाणी भरून क्रॉफिश, म्हणजे मोठ्या नांग्यांचे झिंगे, वाढवतात. भंडाऱ्याच्या ज्ञानदेव मेश्रामचं इथे बारा वर्षं औषधांचं दुकान आहे. सगळं झकास चाललं होतं, पण एका दुखण्यावर त्याच्याकडे गोळी नव्हती. गावानं त्याला टोपणनाव दिलं नव्हतं.

बेल-रिव्हमध्ये खरं नाव फक्त चर्चला आणि पोलिसांना लागतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या ट्रकमध्ये एकदा कोंबडीनं अंडी घातली, तेव्हापासून तो 'पुले', म्हणजे कोंबडं. ज्ञानदेवच्या बायकोनं, रेणूनं, पुलेची हातगाडी नेली आणि आठ महिन्यांनी परत केली. ती लगेच 'ब्रूएत' झाली, म्हणजे हातगाडी. ज्ञानदेव मात्र मिस्टर मेश्राम तो मिस्टर मेश्रामच. इस्त्रीचा शर्ट, टाय, दुकान नऊच्या ठोक्याला उघडं. अशा माणसाला नाव द्यायचं तरी कशावरून?

"जरा गाढवपणा कर ना यार," रेणू म्हणायची.

त्यानं तोही करून पाहिला. चर्चच्या जेवणात मुद्दाम घसरून पडला, तर लोकांनी काळजीनं ॲम्ब्युलन्स बोलावली.

मग या मार्चमध्ये पुलेनं त्याला पहिल्यांदाच क्रॉफिश काढायला बोलावलं. रविवारी सकाळी ज्ञानदेव टाय लावून निघाला.

"चिखलात जातोयस, ऑफिसला नाही," रेणू म्हणाली.

"इन्व्हाइट केलंय त्यांनी. बनियनवर जाऊ का?"

होडीत पुलेनं पाण्यातून उचललेला जाळीचा पिंजरा निवडायच्या टेबलावर रिकामा केला. ज्ञानदेव कौतुकानं वाकला आणि एका दांडग्या क्रॉफिशनं त्याचा टाय धरला. हिसडे देऊन झाले, विनवण्या करून झाल्या. पुलेनं सुरी काढली तर हा म्हणे, रेशमी आहे, कापू नका. शेवटी पठ्ठ्या ते लोंबतं ध्यान छातीवर घेऊनच काठावर उतरला. जेवणवेळेपर्यंत गावभर झालं होतं: 'क्राव्हात'. फ्रेंचमध्ये टाय.

संध्याकाळी रेणूला हसून हसून ठसका लागला. ज्ञानदेव खाली मान घालून टाय धूत होता.

"राग आला?"

"नाही गं. माझ्या आजोबांना गावात कधी कोणी नावानं हाक मारली नाही. जातीनं मारायचे. तीही लांबून. पुलेनं आज खांद्यावर हात ठेवून हाक मारली. चिखलाचा हात होता. शर्ट गेला कामातून."

रेणूचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिला त्याची फार माया आली. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकातून कोणीतरी ओरडलं, "क्राव्हात!"

"ओ," म्हणत ज्ञानदेव मेश्राम चप्पलही न घालता बाहेर धावला.