बिनधुराची टमटम

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते, क्वार्टर यार्डाला लागूनच. कोळशाच्या मालगाड्या घरासमोरून जायच्या आणि वडील चहाची बशी हातात धरून म्हणायचे, "बघ, आपली लाईट चालली." मला ती थट्टाच वाटायची. पुढं कळलं की हा कोळसा वीज करायच्या कारखान्याला जातो. कळलं आणि विसरूनही गेले.

लग्न होऊन शिरूरला आले ती टमटमवाल्याच्या घरात. कारभाऱ्यांची डिझेलची टमटम होती. सहा सीटची गाडी, पण माणसं कोंबायची तेवढी कमीच. चढाला लागली की असा काळा धूर सोडायची की मागचा सायकलवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. घरातली भाकरी तिच्यावरच होती, म्हणून तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. मी सोडून.

कारण सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना दमा. धुराचा नुसता वास आला तरी छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. पोराच्या टमटममध्ये त्या कधी बसल्या नाहीत. आणि जयंतीच्या मिरवणुकीलाही जाता येत नव्हतं, हे त्यांचं खरं दुखणं. तरुणपणी मिरवणुकीत बायकांच्या पुढं गाणी म्हणायच्या त्या याच. माईक लागत नसे म्हणे. पुढं मिरवणुकीत ट्रॅक्टर आले, जीपा आल्या, स्पीकरसाठी टेम्पोवर जनरेटर आला, आणि आत्याबाई घरात बसल्या. सगळी वस्ती निळे झेंडे घेऊन निघायची तेव्हा ही बाई दार लावून, फटीत चिंध्या कोंबून, नाकाला पदर लावून ऐकत बसायची.

एका वर्षी म्हणाल्या, "मरायच्या आदी येकदा चौकापतुर न्या रं मला. बास." कारभारी जेवण तसंच टाकून उठले.

माझा दादा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. कारखान्यात माल उचलायची गाडी असते ना, फोर्कलिफ्ट, ती बॅटरीवर चालते. तसल्या एका भंगारातल्या गाडीची मोटार आणि बॅटऱ्या त्यानं आणल्या. एकेक बॅटरी उचलायला दोन गडी लागत. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी दादाला तोंडावर तसं म्हटलंही. दादा आणि कारभारी, दोघांनी मिळून भंगारात निघालेली दुसरी एक टमटम घेतली, तिचं इंजिन काढलं, मोटार बसवली. आठवड्याच्या सुट्टीला दादा यायचा आणि अंगण तेलानं माखायचं. मी रोज कटकट करायची.

आणि एका सकाळी मी भांडी घासत होते, तर पाठीमागं काहीतरी आल्यासारखं वाटलं. वळून बघते तर टमटम! अगदी पाठीला लागून उभी, आणि आवाज म्हणून नाही. अगं बाई! हातातलं पातेलं सुटलं माझ्या. तिच्याआधी गल्लीत असली गाडी कुणी बघितलीच नव्हती. कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली.

आत्याबाई बाहेर आल्या. मागच्या बाजूला गेल्या, वाकल्या आणि जिथं धुराची नळी असते तिथं नाक लावलं. त्यांनी हात लावला, तळवा उलटा करून बघितला. काजळी नाही.

"धूर कुठं हाय रं हिचा?"

"न्हाईच, आये," कारभारी म्हणाले. ते हसत होते की रडत होते, देव जाणे.

जयंतीचा दिवस उजाडला. आत्याबाई पांढरी साडी नेसून सकाळपासूनच तयार. पण आमचे कारभारी म्हणजे दिलदार माणूस! वस्तीत जो येईल त्याला फेरी. म्हाताऱ्यांना, पोरांना, पाहुण्यांना. दुपारी बघतात तर बॅटऱ्या रिकाम्या, आणि वर लाईट गेलेली. तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

मिरवणुकीचा जनरेटर वस्तीत येऊन थांबलाच होता. कुणीतरी म्हणालं, "त्याच्यावर लावा की!" टेम्पो घराच्या मागं उभा केला, वायर ओढली, जनरेटर धडधडायला लागला. जो तो खुशीत. बिनधुराच्या गाडीचं पोट आम्ही धुरावर भरतोय, हे एकालाही सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं!

त्या मागच्या भिंतीतच आत्याबाईंची खिडकी होती.

मी गजरा द्यायला आत गेले तर खोली धुरानं निळसर, आणि आत्याबाई चौकटीला धरून ओणव्या. ओठ काळेनिळे. मी बाहेर धावले, वायर उपटली आणि अशी ओरडले की ताशेवालेसुद्धा थांबले. "बंद करा ते मढं! कुणासाठी चाललंय हे सगळं?"

दम्याचा पंप तोंडाला लावला, त्यांना पुढच्या अंगणात आणलं. कारभारी पायाशी बसून रडत होते. बऱ्याच वेळानं छाती शांत झाली. मी म्हटलं, "आत्याबाई, आता झोपा." त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"भरली आसंल तेवढ्यावर चला," त्या म्हणाल्या.

बायकांनी जनरेटरचा टेम्पो, ट्रॅक्टर सगळं पार मागं थांबवलं. पुढं आमची टमटम, तिच्यात तसबीर आणि आत्याबाई. गाडी निम्म्या वाटेवर मेली. मग आम्हीच पदर खोचले आणि ढकलायला लागलो. स्पीकर लांब राहिला होता. पुढं नुसत्या चपलांचा आवाज. आणि त्यात आत्याबाईंनी गाणं सुरू केलं. आवाज फाटका, दर ओळीला दम घेत होत्या, पण रस्त्याच्या दोन्ही कडांच्या माणसांना शब्द न् शब्द ऐकू जात होता. दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. मी ढकलत होते आणि डोळ्यांना धार लागली होती. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. चौक आला तरी त्या थांबल्या नाहीत.

पुढं थोड्याच दिवसांनी त्या माझ्याबरोबर दौंडला आल्या. स्टेशनवर उभ्या होतो, तर समोरून कोळशाची मालगाडी निघाली. मी सहज वडिलांचं वाक्य सांगितलं, "ही आपली लाईट चालली बघा."

आत्याबाई वळल्या. "म्हंजी आपली टमटम ह्याच्यावर चालती व्हय?"

"व्हय."

"मंग धूर हायेच की. कुठं सोडत्यात?"

"लांब. तिथं उंच धुराडं असतं. दादा म्हणतो, गल्लीगल्लीतल्या टमटमच्या धुरापरीस ते बरं."

"आसंल की. मला चौक दावला तिनं, खोटं कशाला बोलू?"

डबे जात राहिले. धूर कुठंच नव्हता, तरी त्यांनी पदर नाकाला लावला. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत त्या बघत होत्या.

"त्या धुराड्याच्या गावात पन आसंल की गं कुनाची तरी सासू," त्या म्हणाल्या. "दार लावून बसली आसंल."