उणे दहात आंबणारं श्रीखंड

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, हसाच. कुवेतच्या महबूला भागातल्या यच्चयावत मराठी घरांत हा किस्सा आता मला न विचारताच सांगतात, आणि प्रत्येक जण त्यात पदरचा मीठमसाला घालतो. म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही चौघं जॉर्जियाला गेलो होतो. मी, बायको गौरी, बँकेतला आमचा दिलीप आणि त्याची बायको स्मिता. पंधरा वर्षं कुवेतमध्ये काढलेल्या माणसाचं बर्फ बघून काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधीचे दोन हिवाळे आम्ही तिथेच रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि आखून दिलेल्या उतारावरून घसरायचं, एवढं स्कीइंग शिकलो होतो. तिसऱ्या वर्षी दिलीपला शिंगं फुटली. पाळणा नको, आखलेली वाट नको, आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि कोऱ्या बर्फावरून उतरायचं!

गौरी साफ नाही म्हणाली. "वरून बर्फ कोसळला तर?"

"मी आहे ना!"

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? तर मी कुवेतला जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात एमआरआयचा टेक्निशियन. माझ्या खोलीत केसांची पिन लावूनसुद्धा कोणी आत जाऊ शकत नाही. सुरक्षितता म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, असा माझा समज होता. गौरीचाही होता. त्या एका समजावर ती बिचारी आली.

सकाळी गिओर्गी नावाच्या आमच्या गाइडने प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधलं. बीकन. माणूस बर्फाखाली गाडला गेला, तर त्याच्या बीकनचा सिग्नल बाकीच्यांच्या यंत्रावर येतो आणि कुठे खणायचं ते कळतं. "संध्याकाळपर्यंत बंद करायचं नाही," गिओर्गी म्हणाला, "आणि मोबाइल त्याच्याजवळ आणायचा नाही. सिग्नल बिघडतो."

मी मान डोलावली. एवढंच नाही, बाकीच्या तिघांना तेच मी मराठीत पुन्हा समजावलं. दोनदा!

तीन तास चढलो. जीव मेटाकुटीला आला. वर एका सपाट जागी जेवायला थांबलो. पलीकडे दिल्लीची चार-पाच पोरं बसली होती. खालच्या एकाच दुकानातून सगळ्यांनी भाड्याने सामान घेतलेलं, त्यामुळे तीही हिरव्या जॅकेटात आणि आम्हीही. वर हेल्मेट, गॉगल, तोंडावर फडकं. कोण कोणाचा, काही कळायची सोय नाही.

मी थालीपीठं काढली, आणि गौरीने घरी चक्का बांधून केलेला, विमानातून जपून आणलेला श्रीखंडाचा डबा काढला. म्हटलं, जेवणाआधी एक व्हिडिओ होऊ दे. पण मोबाइल काढायचा तर बीकन जवळ नको. नियम म्हणजे नियम! मी बीकन उतरवलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. बंद केलं नाही हं. तोही नियमच होता.

व्हिडिओ झाला. तेवढ्यात छान ऊन पडलं आणि मी पिशवीवर झडप घातली. श्रीखंड आंबणार!

हसू नका. माझ्या मिशांवर बर्फ जमला होता, उणे दहा तापमान होतं, सगळं मान्य. पण कुवेतच्या जुलैतल्या उन्हात दुकानातून दूध घेऊन गाडीपर्यंत धावणाऱ्या माणसाचे हात डोक्याला विचारून चालत नाहीत. मी बर्फात हातभर खड्डा केला, पिशवी आत पुरली, वरून थापटलं आणि आडोशाला, एका खडकामागे गेलो. कशाला ते विचारू नका. अंगावर कपड्यांचे पाच थर असले की त्या कामालाही पंधरा मिनिटं लागतात.

मधेच धप्प असा मोठा आवाज आला. मला वाटलं, दिलीप पडला.

आणि मग हाका. "प्रशांत! प्रशांत!"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. काहीतरी संकट आलंय आणि सगळ्यांना पहिली आठवण माझी झाली! "आलो, आलो!" करत मी धावलो. तोंडावरच्या फडक्यातून ते कोणाला ऐकू जाणार?

वरच्या उताराचा बर्फ घसरून आमच्या जेवायच्या जागेच्या एका कडेवर आला होता. दिल्लीची पोरं मदतीला धावली होती, सगळे खणत होते. दिलीप दिसला, गौरी दिसली. स्मिता दिसेना. मी काय ते समजलो. पडलेलं एक फावडं उचललं आणि सुटलो!

गौरीने हातमोजे फेकून दिले होते. लाल झालेल्या उघड्या बोटांनी ती बर्फ उपसत होती आणि हमसून रडत होती. मला गलबलून आलं. मैत्रिणीसाठी किती जीव टाकते ही!

"भैया, जल्दी खोदो, प्लीज!" ती माझ्यावर ओरडली. संकटात माणसाला आपली भाषासुद्धा सुचत नाही, असं मनात म्हणत मी हात चौपट चालवले.

फावडं कशाला तरी लागलं. गिओर्गीने हात घातला आणि पिशवी वर काढली. आत बीकन, आणि त्याखाली श्रीखंडाचा डबा.



"हा तर आमचा डबा," गौरी म्हणाली. "मग हे कुठे गेले?"

"हे कोण?" मी फडकं खाली ओढून विचारलं.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्यातला लातूरकर जागा झाला. "अरे येड्या, तू हितं काय करायलास? तुलाच तर हुडकायलोत आम्ही!" मागे खडकावर उभी राहून रेस्क्यूवाल्यांना फोन लावणाऱ्या स्मिताच्या हातून फोन पडला.

गौरी बर्फ तुडवत माझ्याकडे आली. मी तिचे हात माझ्या हातात घेतले. बर्फासारखे गार होते. खरं सांगतो, तेव्हा मला माझी मनापासून लाज वाटली. म्हणालो, "अगं, आहे मी. रडू नकोस."

तिने डोळे पुसले. "मघाशी मी देवाला बोलले होते. बर्फाखालून जो सापडेल, त्याला जन्मात कधी टाकून बोलणार नाही."

"मग?" मी आशेने विचारलं.

"मग काय? सापडलं श्रीखंड!"

गौरी शब्दाची पक्की आहे. तेव्हापासून आमच्या घरात श्रीखंडाला कोणी वाकडा शब्द बोलत नाही.