टॉवेलखालचा सौदा

आमचे हेडीतात्या म्हशीची नुसती शेपटी बघून तिच्या आजीने किती दूध दिलं असेल ते सांगायचे. खोटं वाटत असेल तर डाळजच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. तो माझ्यापेक्षा दोन लिटर वाढवूनच सांगेल. तात्या माझे चुलते. जनावरांच्या बाजारातले दलाल, म्हणजे हेडी. चाळीस वर्षांत एकाही म्हशीने त्यांना फसवलं नाही. माणसांनी फसवलं, पण ते त्यांनी कधी हिशेबात धरलं नाही.

सगळा व्यवहार टॉवेलखाली. समोरच्याच्या हातावर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तात्यांच्या हिशेबात अंगठा दाबला की सौदा पटला, करंगळी ओढली की जनावर घेऊन घरी जा. काकूंना ही भाषा लग्नानंतर आठ दिवसांत आली. पाहुण्याला जेवायला ठेवायचं की चहावर कटवायचं, हे दोघं पाहुण्यासमोरच टॉवेलखाली ठरवायची.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, राहिला डावा हात. मुलगा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तात्यांनी सहा महिने एकट्याने केलं. एकदा काकूंना उचलताना दोघंही पडली, आणि काकूंच्या पाठीवर पडून-पडून उठलेला लाल डाग दिसला. रेड्याला शिंगं धरून थांबवणारा गडी त्या डागाने हादरला. "दुसऱ्याच्या जनावराच्या पाठीवर डाग दिसला तर मी मालकाला शिव्या देतो. आता कुणाला देऊ?" मला म्हणाले, "गाडी काढ. बारामतीला आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी सेंटरं हायत, तिथं जागा बघू."

पानटपरीवरून भावकीतला एकजण ओरडला, "तात्या, म्हातारी बाजारात काढली व्हय?"

"व्हय," तात्या गाडीवरूनच म्हणाले. "तुला कुणी घेत न्हाय म्हणून तू हितंच बसलाय!"

पहिल्या ठिकाणी काचेची दारं, कारंजं आणि आत अत्तराचा फवारा. तिथले साहेब ऑफिस दाखवू लागले. "गोठा बघताना मालकाचा बंगला कोण बघतंय?" म्हणत तात्या थेट आत शिरले आणि म्हाताऱ्यांच्या टाचा बघू लागले. बाहेर येऊन म्हणाले, "टाचा सोललेल्या. वास झाकायला वास मारलाय." दुसऱ्या ठिकाणी ते रिकाम्या खाटेवर आडवे झाले आणि पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत माझी दाढी बोटभर वाढली.

तिसरी जागा बारामतीलगत जळोचीत, साधी. तिथेही तात्या आडवे झाले. अर्ध्या मिनिटात रेश्मा सिस्टर आल्या, ते पाणी घेऊन नव्हे, ओरडत. "आजोबा, उठा आधी! बाजाराच्या कपड्यांनी माझ्या पेशंटच्या गादीवर?"

तात्या ताडकन उठले. चेहरा असा उजळला की वीज मंडळाने बिल पाठवावं. "ही खरी मालकीण!" आणि सवयीने सिस्टरच्या हातावर टॉवेल टाकला. बाईंनी टॉवेल बाजूला केला, तात्यांचं मनगट धरलं आणि शांतपणे नाडी मोजली. "नाडी ठीक आहे. भाव फळ्यावर लिहिलाय."

तात्यांनी भाव पाडला नाही, हे मी स्वतः पाहिलं. फक्त विचारलं, "डायपर, औषधं, व्यायामवाला, ह्यात धरलंय का वर? म्हस दिल्यावर दाव्याचं आन् साखळीचं येगळं मागायचं न्हाय." सिस्टरने सगळं कागदावर लिहून दिलं. मुलगा फोनवर म्हणाला, मी भरतो. तात्या म्हणाले, "गोठ्यातल्या चार म्हशी तुझ्या आईनं रेडकापासून वाढवल्यात. त्यांच्या दुधाचा पगार तिचा. ती सवताचं सवता भरंल. तू नुसता भेटायला ये."

राहिली काकूंची संमती. घरी त्यांच्या खाटेजवळ बसून तात्यांनी टॉवेल टाकला. काकूंनी करंगळी ओढली. मी म्हणालो, "तात्या, आता काय?" पण काकूंचा हात सुटला नव्हता. त्यांनी तात्यांची दोन बोटं धरली.

"दोन? दोन म्हैनं?" करंगळी.

"दोनदा? सकाळ-सांज मी यायचं?"

अंगठा दाबला गेला. टॉवेल असूनही मला दिसला.

डाळज ते जळोची, रोज दोन फेऱ्या, आणि वर धारा! दुसरा कोणी असता तर आठवड्यातून एकदा केळी घेऊन गेला असता. तात्यांनी टेम्पो केला आणि अख्खा गोठाच हलवला. सेंटरच्या मागची शेड भाड्याने घेतली. खिडकी उघडली की काकूंना चारही म्हशी दिसायच्या. सिस्टरने पहिल्या दिवशी शेणावरून भांडण काढलं, दुसऱ्या दिवशी पेशंटच्या चहाला दूध लावलं. काकू खिडकीतून डाव्या हाताने खुणा करायच्या आणि तात्या मुकाट्याने पेंड वाढवायचे.

पाठीवरचा डाग गेला. पुढची अडीच वर्षं तात्या दर रविवारी सिस्टरसमोर पाठ तपासायचे आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "कुठं डाग न्हाय!" टपरीवरचा तो भावकीवाला पुढे वडिलांसाठी जागा विचारत आला. तात्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "आदी खाटंवर झोपून बघ."

काकू गेल्या त्या दिवशी सकाळची धार काढून तात्या त्यांच्याजवळ बसले होते. मी पोचलो तेव्हा टॉवेल अजून दोघांच्या हातांवर होता. आता तात्याही नाहीत, पण त्यांचं तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, आणि यात मी काडीचंही वाढवलेलं नाही.

"मी काय इचारलंच न्हवतं रं," तात्या म्हणाले. "तिनं आपणहून अंगठा दाबला."