काकांच्या वहीतली पांढरी गाडी

वृद्धाश्रमात नोकरी करणारी, दोन मुलींची आई असलेली एक बाई, मंगळवारी दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना, स्वतःच्या दारात गोळी लागून मेली. मारेकऱ्याला शेजारचं घर हवं होतं. घर चुकलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकटाउनची ती दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही आणि मी जाऊही देणार नाही.

निवृत्त पोलीस म्हटलं की लोक पिकलेले केस शोधतात. मी चौतिशीची आहे. गुडघा कामातून गेला, मेडिकल कारणावरून नोकरीतून बाहेर पडले, आता साक्षीदारांनी पुढे यावं म्हणून पत्रकं वाटते. तेव्हा डिटेक्टिव्ह होते.

आम्ही गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलं. समोरच्या घरातून आपलाच एक इंजिनिअर बाहेर आला. "काही नाही पाहिलं, आम्ही कामावर होतो." मागे खुर्चीत त्याचे वडील, सहा महिन्यांसाठी आलेले. मी "नमस्कार काका" म्हटलं, त्यांनी हात जोडले, आणि फॉर्मवर 'काही पाहिलं नाही' लिहून मी पुढच्या दाराला गेले. अख्ख्या स्टेशनात मराठी येणारी मी एकटी, आणि मीच त्यांना विचारलं नाही!

तोवर इथल्या आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागूनही गेला होता. "उगाच कोणी गोळी घालतं का? तिचीच काही भानगड असणार." तिची आई दर सोमवारी स्टेशनच्या काउंटरवर येऊन एकच विचारायची, "माझी मुलगी वाईट नव्हती, हे कोणी सांगणार आहे का?"

तिसऱ्या आठवड्यात संशयित हाती लागला. चौकशीत सगळं 'नो कॉमेंट'. बोलला ते एकच वाक्य: "माझी गाडी त्या दिवशी त्या भागात नव्हतीच." ते खोटं पाडायला आमच्याकडे काही नव्हतं.

मग फोन आला. इंजिनिअरची बायको. "ताई, माझे सासरे गाड्यांचे नंबर लिहितात. ह्याला सांगू नका. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आत आहे, हा घाबरलाय."

मी लगेच त्यांच्या घरी गेले. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. इथेही खिडकीत बसून बस, टपालवाला, कचऱ्याची गाडी, सगळ्यांची नोंद: नंबर, आत, बाहेर. मंगळवारच्या पानावर पांढरी गाडी होती. आत ३.४७, बाहेर ३.५१. नंबर संशयिताच्याच गाडीचा.

"काका, मी आले होते तेव्हा का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे? नमस्कार केलास आणि पळालीस."

तेवढ्यात मुलगा घरी आला. "बाबा, आपल्याला काय करायचंय?"

"माणूस समोर मेलंय. लिहिलेलं खोडू का आता?"

आम्ही वहीतली प्रत्येक बस कंपनीच्या रेकॉर्डशी ताडून पाहिली. सगळ्या वेळा जुळल्या.

खटल्यासाठी काका पुण्याहून परत आले. बचावाच्या वकिलाने विचारलं, "हा तुमचा छंद का?" काका दुभाष्यामार्फत म्हणाले, "छंद नाही साहेब, सवय. चुकीची वेळ लिहिली की आमच्याकडे मेमो मिळायचा." ज्युरीतली एक बाई हसली.

दोन दिवसांनी ज्युरी परतली. गिल्टी. तिची आई ओरडली नाही, रडली नाही. लांब श्वास सोडून बाकावर टेकली. बाहेर गल्लीतले शेजारी एकमेकांच्या गळ्यात पडत होते. काका म्हणाले, "सुटलो बुवा." मुलगा त्यांची पिशवी धरून उभा होता, पीआर येऊन महिना झालेला. साक्षीने काही अडलं नव्हतं. मलाही त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी धड जेवण गेलं.

आणि ग्रुपवर? भानगड म्हणणाऱ्यांनीच हात जोडल्याचे इमोजी टाकले. 'न्याय मिळाला.' माफी एकानेही मागितली नाही. तो न्याय तीन आठवडे तुमच्यासारख्याच एका घरात, एका वहीत पडून होता. तो तिथेच ठेवून मी निघून आले होते, हेही लिहून ठेवते.

तुमच्या खिडकीत कोण बसतं? आई, सासरे, कोणीही असो, आज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, "तुम्ही काय पाहिलंत?" काही पाहिलं असेल, तर ताबडतोब स्टेशनला फोन लावा.