पंपात उरलेलं औषध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसापुढे खरं बोलायची हिंमत माझ्यात कधी नव्हती — हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवणार नाही.

आळेफाट्यावर माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. घर बोरी बुद्रुकला; घरामागे थोडे टोमॅटो आणि खाण्यापुरता भाजीपाला. शिवाय आमच्या भागात माझी आणखी एक ख्याती आहे. कुणाला पहिल्यांदा पक्षी पाळायचा असला की तो माझ्या घरी येतो. 'भाऊ, छोटा पोपट घ्यायचाय, कुठला घेऊ?' आणि मी सांगतो. मला सांगायला फार आवडतं. ज्याला काही येत नाही असा माणूस समोर बसला की मला जे सुख होतं ते लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणपतीपुढे उभं राहिल्यावरही होत नाही.

आणि काय एकेक नमुने येतात! एकाला सोफ्याच्या रंगाचा पक्षी हवा असतो. दुसऱ्याला आठ दिवसांत बोलायला लागणारा हवा असतो — घरातलं कुणी आपल्याशी का बोलत नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. तिसरा आधी पिंजराच घेऊन येतो, वर देवळासारखा घुमट आणि आत पंख पसरायला जागा नाही, आणि विचारतो, यात काय मावेल? मी म्हणतो, तुमची अक्कल मावेल, ऐसपैस. तो हसतो. आपल्याला हिणवलंय हे त्याला घरी पोचेपर्यंत कळत नाही.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा नमुना त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. त्याचंच सांगायचं आहे.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिनं अवसरी खुर्दला कॉलेजच्या मुलांच्या एका मेसमध्ये बारा वर्षं भाकऱ्या थापल्या. गुडघे गेले तेव्हा मी तिला घरी आणलं. 'आणलं' — बघा, शब्द कसा निवडलाय! लहानपणी आई रानात असायची तेव्हा मला काखेत मारून हिंडली ती आक्काच, पण तिनं कधी 'वागवलं' म्हटलं नाही. माझी बायको अंगणवाडीत, मी दुकानात. शंभर पोरांच्या गोंगाटात राहिलेल्या बाईला आमचं रिकामं घर खायला उठायचं. एक दिवस म्हणाली, "एखादा पोपट आण की रं. हिरवा. आपल्या लहानपणी व्हता तसा."

झालं. मी अर्धा तास तिला झापलं. हिरवा पोपट रानातला, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे, तुला काही माहीत नाही, पक्षी म्हणजे खेळणं नव्हे, वगैरे वगैरे. हे सगळं मलाही आदल्याच आठवड्यात मोबाईलवर कळलं होतं. मग तीन आठवडे मी बसून अभ्यास केला. बजरीगर लहान आणि सोशिक, पण हाताशी यायला वेळ लावतो. लव्हबर्ड दिसायला गोड, चावायला वाईट. मोठ्या जातींचं ओरडणं शेजाऱ्यांना सोसत नाही. नवख्यानं कॉकाटील घ्यावा — करडं अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी टिकल्या. बोलतो कमी, शीळ घालतो भरपूर, आणि माणसाच्या खांद्यावर बसायला त्याला मनापासून आवडतं. निवड बरोबर होती. आजही मी हेच सांगतो; लोक सल्ल्याला येऊ लागले ते या अभ्यासानंतरच.

मंचरला एका घरी पिल्लं मिळायची. तिथे मी आक्काला नेलं आणि तोंड उघडू दिलं नाही. पिल्लाचे डोळे पाहिले, नाकपुड्या पाहिल्या, शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत का ते पाहिलं, दांडीवर नीट बसतं का ते पाहिलं. आक्काचा जीव कोपऱ्यात फुगून बसलेल्या एका पिल्लावर गेला होता. मी म्हटलं, ते आजारी आहे, तुला काय कळतं? तिनं मान डोलावली. मी निवडलेलं पिल्लू मांडीवर खोक्यात घेऊन ती घरी आली, आणि नारायणगाव यायच्या आत तिनं त्याचं नाव ठेवलं होतं — पावणा.

घरी आल्यावर मी नियमांचा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. धूर नको. फोडणीचा ठसका नको. ठेचा करताना पिंजरा पडवीत न्यावा आणि स्वयंपाकघराचं दार लावावं. हिरवा पाला तीन पाण्यांनी धुवावा. आक्का चौथी शिकलेली. तिनं तो कागद अक्षरावर बोट ठेवून दोनदा वाचला आणि मग पोथीसारखा पाळला. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढून विचारायची, "पावणं, झोप लागली का?" पोपटाच्या जातीला मिरची तिखट लागत नाही. तो तिच्या बोटातून हिरवी मिरची सोलून खायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. आमच्या घरात इतकं हसू कितीतरी वर्षांत नव्हतं.

फक्त तो माझ्या हातावर येत नसे. अभ्यास कुणी केला? निवडला कुणी? आणि हा बसणार आक्काच्या खांद्यावर, तिच्या कानातल्या फुलाशी चाळा करत! मी हात पुढे केला की तुरा ताठ करून मागे सरकायचा. मला त्याचा राग यायचा. पन्नाशीतला माणूस, मूठभर पाखरावर रुसलेला — हसा, हसण्यासारखंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. येतो — पण आधी पंपाचं सांगू द्या.

पाठीवरच्या पंपात फवारणी संपल्यावर थोडं औषध उरतंच. ते टाकून द्यायचं आमच्याकडे कुणाच्याही जिवावर येतं. मग माणूस घराकडे येता येता पंप रिकामा करतो — बांधावरच्या वांग्यावर मार, शेवग्यावर मार, दारातल्या लिंबावर मार. दुकानात अशा लोकांना मी उभा-आडवा घेतो. बाटलीवरचा विषाचा पिवळा त्रिकोण दिसतो का? खाली काय लिहिलंय ते वाच. वाचता येत नसेल तर सुनेकडून वाचून घे. चार लोकांसमोर बोलतो मी हे, म्हाताऱ्या माणसांना. ते बिचारे मान खाली घालून ऐकतात.

त्या संध्याकाळी टोमॅटोची फवारणी उरकली. पंपात उरलं होतं. घराच्या वाटेवर कोथिंबिरीचा वाफा होता आणि त्यावर माव्याची कीड दिसली. मी पंप तिथे रिकामा केला. विचार केला का? नाही. वडिलांचा हात जायचा तसा माझा गेला. घरात सांगितलं का, की आठ दिवस कोथिंबीर तोडू नका? सांगणार होतो. जेवणं झाली आणि विसरलो.

सकाळी दुकानाला निघताना त्याच वाफ्यातल्या चार कोवळ्या काड्या मी तोडल्या. पावण्याला कोथिंबीर फार आवडायची; म्हटलं, आज बघू कसा येत नाही. धुतली? तीन पाण्यांनी धुवावी असं ज्यानं लिहून ठेवलं होतं, त्यानं ती पँटला पुसली. आणि पावणा आला! पहिल्यांदाच माझ्या मनगटावर बसला आणि टकटक पानं तोडून खायला लागला. मी आक्काला हाक मारली — "बघ, बघ, आला!" तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. उरलेल्या काड्या पिंजऱ्यात खोचून मी शीळ घालत गाडीला किक मारली.

अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. "लवकर ये. पावण्याला कायतरी झालंय." मी पोचलो तेव्हा तो पिंजऱ्याच्या तळाला होता. एक पंख पसरलेला, मान वाकडी, चोचीला लाळ, अंगाला कंप. बावीस वर्षं औषधं विकतोय मी. ते काय होतं हे ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. दारातूनच कळलं. कोथिंबिरीच्या काड्या अजून जाळीला खोचलेल्या होत्या.

आणि तेव्हा आक्का म्हणाली, "मी ठेचा केला रं मगाशी. दार लावलं व्हतं, पन पुरतं लागलं न्हाई वाटतं. त्यानं तर नसंल?"

कळलं ना तुम्हाला? मला खोटं शोधावंसुद्धा लागलं नाही. तिनं ते आयतं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणालो, "कितीदा सांगितलं होतं तुला? कागद कशाला लिहिलाय?" आणि ती फ्रिजकडे बघत असताना जाळीतल्या काड्या काढून मी खिशात घातल्या.

इथवर सांगितलं म्हणजे संपलं असं तुम्हाला वाटेल. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत घालत होतो — एक चूक झाली, एक खोटं बोललो, माणूस आहे. पण नाही. तेव्हा पावणा जिवंत होता.

जनावरांचे डॉक्टर गाडीनं वीस मिनिटांवर. गाई-म्हशी बघतात ते, पण औषध पोटात गेलेली जनावरं त्यांनी वाचवली आहेत, माझ्या गिऱ्हाइकांचीच. पाखरू वाचलं असतं का, मला माहीत नाही. पण त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता हे मला पक्कं माहीत होतं — काय खाल्लं यानं? आणि मग मला बाटलीचं नाव सांगावं लागलं असतं. मी, आळेफाट्याचा शहाणा, ज्यानं अख्ख्या पंचक्रोशीला त्रिकोण वाचायला शिकवला! दुकानात ही गोष्ट कशी रंगवून सांगितली गेली असती हे मला दिसत होतं. आक्कानं पिंजऱ्याचं दार उघडून त्याला पदरात घेतलं होतं, पायात चपला घातल्या होत्या. म्हणाली, "चल ना, डाक्टरकडं नेऊ."

मी म्हणालो, "धुराला इलाज नसतो."

ती चपला काढून खाली बसली. माझ्यावर तिचा विश्वास होता. पक्ष्यांचं मला कळतं ना! पाऊण तास तो तिच्या पदरात धडपडत होता आणि ती त्याच्या तुऱ्यावर बोट फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चुकलं माजं, पावणं. चुकलं." मी समोर बसून ते ऐकलं. पाऊण तास. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

दुपारी मी कोथिंबिरीचा सगळा वाफा उपटून खड्ड्यात गाडला. म्हणजे घरच्यांना विषबाधा होऊ नये एवढी अक्कल शिल्लक होती. ती पाखरासाठी आणि आक्कासाठी चालवायची नव्हती. आक्का मागच्या दारात येऊन उभी राहिली. "कवळी कोथिंबीर का उपटली रं?" मी म्हटलं, लसूण लावायचाय. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि आत गेली. तिला काही समजलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारायला तोंड नाही.

याला सहा वर्षं झाली. घरात पुन्हा पक्षी आला नाही. मी दोनदा आणतो म्हणालो — मोठ्या मनाचा ना मी — तर ती म्हणाली, "नको. माज्या हाताला त्ये धार्जिणं न्हाई." आणि माझ्याकडे सल्ला विचारायला लोक येतच राहिले. त्यांना धुराबद्दल सांगताना मला दाखला लागतो. मी काय करतो ते ऐका. मी आत हाक मारतो, "आक्का, जरा यांना सांग पावण्याचं."

परवा अवसरीहून एक नवं जोडपं आलं होतं. पोरगी हातात वही घेऊन बसलेली. मी कॉकाटील सुचवला, पिंजऱ्याचं माप सांगितलं, पाला तीन पाण्यांनी धुवा म्हणालो — का, ते सांगितलं नाही. मग नेहमीची हाक मारली. आक्का चहा घेऊन आली आणि उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला सोडवलं नाही. "लई गुणाचं पाखरू व्हतं. माज्या आळसानं गेलं. तुमी दार नीट लावा, बाई." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवत म्हणालो, "अनुभवाचे बोल आहेत, लिहून घ्या." तिनं लिहून घेतलं.

ते गेल्यावर आक्कानं मिरच्या आणि लसणाचं ताट काखेला लावलं, तवा उचलला, आणि गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी उतरून मागच्या अंगणात गेली. तिथे तिनं तीन दगडांची चूल मांडली आहे. सहा वर्षं ती ठेचा बाहेरच करते, थंडीतसुद्धा. आत धूर लागेल असा कुणीही आता घरात नाही.

बाहेर तिला ठसका लागला, दोनदा, तीनदा. धूर आत येऊ लागला तसा मी उठलो आणि मागचं दार लावून घेतलं.