बाणाच्या पुढचं पाणी

मित्रांनो, आज बिलोलीत, स्वतःच्याच घरात माझं सगळं शिक्षण उघडं पडलं.

वादळात समुद्राचं वरचं पाणी कुठं आणि किती वेगानं वाहतं, ते उपग्रहाच्या रडारवरून मोजणं हे माझं काम. मी सुट्टीवर आल्याचं कळताच सकाळी शेजारच्या शांताकाकू आल्या. त्यांचा मिलिंद जहाजावर वेल्डर होता. गेल्या महिन्यातल्या वादळात जहाज बुडालं. तो सापडलाच नाही.

मी लॅपटॉपवर त्या दिवसाचा नकाशा उघडला. काकूंनी प्रवाहाच्या एका बाणावर बोट ठेवलं.

"ह्या पाण्यानं त्याला कुठं नेलं, पोरी?"

"काकू, उपग्रह तिथून एकदाच गेला, तेबी जहाज बुडायच्या आधी. नंतर वारं फिरलं. पाणीबी फिरलं असंल."

"म्हंजे तुलाबी ठावं न्हाई."

"न्हाई."

बोट तसंच बाणावर. "भंतेजी विचारून राहिले, तो गेला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन कधी करायचं. म्या म्हणलं, पोरगी येऊ द्या. ती बघून सांगंल."

महिनाभर त्या माझ्या सुट्टीची वाट बघत होत्या.

नकाशा बंद करायचं माझं धाडस झालं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?