ज्याच्या डोक्याला गाळ, त्याचे मत

आदरणीय चन्नबसप्पा वकिलांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. इतर मंडळी अप्पांना हिमालयाची आणि सागराची उपमा देतील, तो त्यांचा अधिकार आहे. मी पडलो अप्पांचा ज्युनियर. मी त्यांना डोक्यावर गाळाची टोपली घेतलेले पाहिले आहे. त्यामुळे मी गाळाविषयीच लिहिणार, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या वर्षी हैदराबादेत वकिलीची परीक्षा देऊन मी हुमनाबादला आलो. कोर्टातली उर्दू मागे सरत होती, इंग्रजी अजून कुणाच्या जिभेवर नीट बसली नव्हती. अप्पा आपल्या बैठकीत जाजमावर बसून एका पक्षकाराशी कन्नडात, दुसऱ्याशी मराठीत आणि कारकुनाशी दखनीत बोलत होते. मला पाहून म्हणाले, "या वकीलसाब. काय नवं शिकून आलाव?"

मी नुकताच कंपनीचा कायदा पाठ केला होता. तो घडाघडा म्हणून दाखवला. कंपनी ही कायद्याने एक व्यक्तीच असते, तिच्या नावावर जमीन होते, ती दावा लावते, तिच्यावर दावा लागतो, भागधारक मेले तरी ती मरत नाही. अप्पांनी आत हाक मारून शांताअक्कांना बोलावले आणि मला म्हणाले, "हिला सांगा परत. हिला पटलं तर कुठल्याबी कोर्टाला पटंल."

अक्कांनी माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवून सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ती जेवती का?"

"नाही."

"तहान लागती?"

"नाही."

"आन् मरत बी न्हाई म्हणताव. मग बाई, तिला भ्याव कशाचं? आन् जिला कशाचंच भ्याव न्हाई, तिच्याशी शेजार कसा करायचा?"

मला हसू आले. अप्पा मात्र हसले नाहीत. "हे ध्यानात ठिवा," एवढेच म्हणाले. त्या वेळी मला वाटले, मोठ्या वकिलांना बायकोचे कौतुक असते, दुसरे काय!

यावरून कुणी अप्पांना कंपन्यांचे वैरी समजू नये. त्यांच्या मूळ गावी, म्हणजे मन्नाएखेळ्ळीहून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या गावी, भुईमुगाच्या तेलाची गिरणी काढणाऱ्या कंपनीचाच एक दावा त्यांनी लढवला होता. एका व्यापाऱ्याने तिला खराब शेंगा घातल्या होत्या. गावकऱ्यांनी नाक मुरडले तेव्हा अप्पा म्हणाले, "दावा खरा असंल तर कंपनी बी माझी पक्षकार." माझ्या पहिल्या तारखेला माझ्याकडे काळा कोट नव्हता, ही गोष्टही इथेच सांगून टाकतो. अप्पांनी अंगावरचा उतरवून मला घातला आणि स्वतः दिवसभर कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली "आज आपल्याला काम न्हाई" म्हणत बसून राहिले. काम होते, हे मला कारकुनाने सांगितले.

आता गाळाकडे येतो. अप्पांच्या गावाला, जे त्यांच्या मागे जाऊन-येऊन आता माझेही झाले आहे, एक जुने तळे आहे. गावाचे पिणे, गुरांची तहान आणि खालच्या शिवारातले मळे सगळे त्याच्यावर. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की एक दिवस ठरवून सारे गाव गाळ काढते, आणि त्याच दिवशी बांधावर सभा बसून वर्षभराच्या पाण्याचे ठरते. सभेचा नियम पिढीजात आणि एका ओळीचा: ज्याच्या डोक्याला गाळ, त्याचे मत. टोपलीतून पाणी ठिबकते, केसांत चिखल बसतो, आणि सभा उठेपर्यंत डोके धुवायचे नाही. तळ्याचा राखणदार, म्हातारा हुसेनमियाँ, एकेकाचे डोके बघूनच खाली बसू देई.

गिरणी आली तशी गावात मजुरी आली, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीने शाळेवर पत्रे घातले, पंचायतीला खुर्च्या दिल्या. पहिल्या निवडणुकीत तिचा ट्रक माणसांना मतदानाला नेत होता, वर पुरी-भाजी. कुणाला मत द्या असे ती मोठ्याने बोलली नाही, ट्रकवर झेंडा मात्र एकाच उमेदवाराचा होता. आम्ही सगळे त्या ट्रकमध्ये हौसेने चढलो. पुढे पंचही त्याच खुर्च्यांवर बसले, आणि ज्याच्या खुर्चीवर बसायचे त्याला नाही म्हणणे जड जाते. कंपनीने बॉयलरसाठी तळ्यातून कायमचा नळ मागितला तेव्हा पंचांनी घसा खाकरून सांगितले, "बांधावरची सभा ठरवील."

कंपनी हुशार होती. तिने रीतभात विचारून घेतली आणि गाळाच्या दिवशी गिरणीतले सगळे मजूर कोऱ्या टोपल्या देऊन तळ्यावर पाठवले. गावाच्या माणसांपेक्षा ते जास्तच भरले असावेत. दुपार कलल्यावर सभा बसली. हैदराबादेहून मोटारीने आलेले कंपनीचे बॅरिस्टर उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. कंपनी कायद्याने व्यक्ती आहे, तळ्याकाठी तिची जमीन आहे, म्हणजे ती गावातलीच. तिला स्वतःचे हात नाहीत म्हणून ती नोकरांच्या हातांनी काम करते. नोकरांनी वाहिलेली प्रत्येक टोपली तिचीच, म्हणून त्या सगळ्या टोपल्यांची मते तिची. ती तिच्या वतीने मॅनेजरसाहेब देतील. मॅनेजरसाहेब इस्त्रीची टोपी घालून शेजारी उभे होते.

कायद्याच्या पुस्तकात याला उत्तर मला सापडत नव्हते. तळे गेले, असे मी मनात म्हणून टाकले. अप्पा चिखलाने भरलेल्या डोक्यानेच उठले.

"बॅरिस्टरसाहेबांचं मला मान्य हाय," ते म्हणाले. गावात एकदम कुजबुज झाली. "कंपनी व्यक्ती हाय. तिनं यावं, बसावं. हुसेनमियाँ, तिचं डोकं बघा."

हुसेनमियाँनी इकडेतिकडे पाहिले. मग मॅनेजरसाहेबांची टोपी हलकेच उचलून बघितली आणि म्हणाले, "ये तो सूखा है, अप्पा."

हशा पिकला, पण अप्पा थांबले नव्हते. मजुरांकडे हात करून म्हणाले, "गाळ ह्यांच्या डोक्याला हाय. मतं ह्यांची. कंपनीची न्हाईत, ज्याची त्याची."

मजूर म्हणजे गावकुसाबाहेरची माणसे, काही तर निर्ण्याकडून पोटासाठी आलेली. बांधावरच्या सभेत त्यांना आजवर कुणी बसवलेच नव्हते. पाटील तिरमिरून उठले. "अप्पा, काय करायलाव हे? ह्यांना कामून मत? उद्या आपल्या डोक्यावर बसतील!"

"पाटील, टोपली आत्ता त्यांच्या डोक्यावर हाय. नियम तुमच्या आज्यानंच केलेला."

मी अप्पांच्या जवळ सरकलो. ज्यांची भाकरी गिरणीची, ते गिरणीविरुद्ध कसे जातील? आपणच आपल्या हाताने तळे कंपनीच्या ओटीत घालत होतो. "अप्पा, त्यांनी नळ द्या म्हटलं तर?"

"तर नळ द्यायचा," अप्पा म्हणाले. "पर माणसांनी दिला असं तरी होईल." खात्री त्यांनाही नव्हती. त्यांच्या वडिलांचा मळा त्याच तळ्यावर होता आणि तो त्यांनी त्या क्षणी परक्या माणसांच्या हाती सोपवला होता. माझ्या आयुष्यात एवढे धाडस मी दुसरे पाहिले नाही.

तेवढ्यात मजुरांतली नरसव्वा उभी राहिली. पदराने कपाळावरचा ओघळ पुसत मॅनेजरसाहेबांना म्हणाली, "साहेब, टोपली कंपनीची हाय, मजुरी बी कंपनीची. म्या न्हाई म्हणत न्हाई. पर डोसकं माझंच दुखायलंय, कंपनीचं कुठं दुखायलंय?"

बॅरिस्टरसाहेब आपले कागद गोळा करू लागले.

मते हात वर करून घ्यायची नाहीत, हा आग्रहही अप्पांचाच. कोण कुठे हात वर करतो ते मॅनेजर बघणार आणि पाटीलही बघणार. सरकारने निवडणुकीत पडद्याआड मत घेतले, मग आपण का नाही? दोन मडकी घोंगडीआड ठेवली. नळ द्यायचा तर डाव्या मडक्यात खडा, द्यायचा नाही तर उजव्या. एकेक जण आत जाऊन आला. शेवटी हुसेनमियाँनी दोन्ही मडकी उचलायला घेतली. डावे एका हाताने सहज उचलले गेले. उजवे उचलायला त्यांनी दुसऱ्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत मॅनेजरने मजुरांना विचारलेच, कुणी खडा कुठे टाकला. "सांगायचं नसतंय, सरकारचा नियम हाय," असे सगळ्यांनी सांगितले. तरी अप्पांना स्वस्थता नव्हती. ते मला घेऊन गिरणीवर गेले, मॅनेजरचा चहा घेतला. मॅनेजर म्हणाला, "वकीलसाब, कंपनी बहुत नाराज है."

"कंपनी को छोडो," अप्पा म्हणाले, "आप नाराज हैं क्या? आपके घर में पानी किधर का आता?"

मॅनेजरने चहाची बशी खाली ठेवली. त्याच्या घरचे माठही त्याच तळ्यावर भरत होते. कुणाची मजुरी गेली नाही. कंपनीने आपल्या जमिनीत विहीर खणली. आणि पुढच्या उन्हाळ्यात मॅनेजरसाहेब पाटलोणीची टोके दुमडून स्वतः गाळात उतरले. हुसेनमियाँनी त्यांचे डोके पाहिले आणि पाटलांच्या शेजारी, नरसव्वाच्या पुढे, त्यांना जागा दिली. कंपनीच्या वतीने नव्हे, त्यांची त्यांना.

अप्पांकडे बघून मी आजही थक्क होतो. आम्ही कंपनीला हरवायला निघालो होतो. ते माणसे मोजायला निघाले होते, आणि मोजताना त्यांनी आमच्या गावाने न मोजलेलीही मोजली.

आता हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, आमचा भाग कुठे जाणार याच्या चर्चा चालू आहेत. राज्ये मोडतात. ती कंपनी मात्र आहे, आणि तळ्याच्या नळाची मागणी दर साल नव्या कागदावर पुन्हा येते. तिला घाई नाही, कारण तिला मरण नाही. अप्पांना आहे. खोटे कशाला लिहू? हेच त्यांना मी एकदा बोललो, तर म्हणाले, "म्हणून तर दरसाल नव्या पोरासोरांना टोपली द्यायची, वकीलसाब. ती एकटीच जुनी हुत जाती. आपण दरसाल नवे हुत जातो."

तरीही अप्पा, आपल्या जागी एवढ्यात कुणी नवे नको. आपल्याला आणि शांताअक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपली मान ताठ राहो, गुडघे साथ देवोत. येत्या उन्हाळ्यात पहिली टोपली भरून नरसव्वा उभी राहील, आणि ती आपल्याच डोक्यावर द्यायची, असे तिने आत्ताच सांगून ठेवले आहे.